बाईंचे दमदमे

एसटीच्या टपावरून माझी ट्रंक खाली आली, तेव्हा ती झेलायला एक बाई दोन्ही हात वर करून उभ्या होत्या. उंच, रुंद हाडाच्या, अंगावर पांढरं सुती पातळ, पायात पुरुषी चामडी चपला आणि काखेत काळी छत्री.

"गणित का?" त्यांनी विचारलं.

"हो. गणित शिकवायला आलेय."

"मी इतिहास-भूगोल. तुमची राहायची सोय माझ्याकडेच केली आहे. थकलात?"

नागपूरहून पहाटे निघून, वर्ध्याला गाडी बदलून, खिडकीतून आलेली सगळी धूळ पोटात घेऊन मी चांगलीच थकले होते. पण नोकरीचा पहिला दिवस होता. मी म्हटलं, "नाही."

"मग आधी दमदमे पाहून घेऊ. उजेड आहे तोवर."

माझी ट्रंक पानठेल्यावर ठेवून आम्ही नदीकडे निघालो. दमदमा म्हणजे तोफ चढवण्यासाठी केलेला उंचवटा, हे मला वाटेत कळलं. काठावरच्या माळावर काळ्या दगडगोट्यांची मोठमोठी रिंगणं होती. प्रत्येक रिंगणाच्या मध्यभागी मुरुमाचा हलकासा फुगवटा. समोर खाली वर्धा नदी, आणि नेमका तिथंच तिचा उतार, म्हणजे पायी पार करता येते अशी उथळ जागा. बाई पहिल्या रिंगणात चढल्या, छत्री आडवी धरून तिचं टोक पाण्याकडे रोखलं आणि म्हणाल्या, "तोफेचं तोंड असं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पेशवाई बुडत होती. पेशव्यांची फौज पलीकडून नागपूरकरांना मिळायला येत होती. मध्ये ही नदी. ती अडवली की दोन फौजांची भेट होत नव्हती. म्हणून इंग्रजांनी इकडच्या काठावर उतार धरून ठेवले, तोफा रोखून.

"म्हणजे तोफा इंग्रजांच्या?" मी विचारलं.

"अर्थात."

"मग आपण त्या जागा कशाला जपायच्या?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. नवीन गणित जरा कच्चंच निघालं, असा भाव चेहऱ्यावर.

"आपण कुठं अडलो, ती जागा आपल्याला माहीत नको?" त्या म्हणाल्या.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची ही गोष्ट. गाव मोठं होतं, शाळा मुलींची होती, आणि बाईंना गावात तोफबाई म्हणत. हे त्यांना माहीत होतं. एकदा पोस्टमननं चुकून तोंडावरच तसं म्हटलं आणि जीभ चावली, तर बाई म्हणाल्या, "काऊन घाबरता? तोफच म्हटलं ना, फुसका बार त नाई म्हटलं?" वर्गात बाईंची भाषा पुस्तकासारखी शुद्ध असे. राग आला किंवा लोभ दाटला की मात्र माहेरची वऱ्हाडी बाहेर पडायची. मला त्या माझ्या नावानं हाक मारत नसत. 'अहो गणित' म्हणत. लोभात आल्या की 'काहो गणित, जेवता काय?'

त्यांच्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी एक लोखंडी गोळा होता. गुराख्याला माळावर सापडलेला. रोज त्याला हळदकुंकू. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनात काम करणारा एक फिटर काही कामानं घरी आला होता. त्यानं गोळा हातात घेऊन उलटापालटा केला आणि सांगितलं, "बाई, हे त आमच्या जुन्या इंजिनाचं वजन हाय."

"असेल," बाई म्हणाल्या. "गोल आहे ना?" आणि गोळा परत बाळकृष्णाजवळ ठेवला.

दरवर्षी ज्वारी निघाली की बाई आठवीच्या मुलींना माळावर नेत. अर्ध्या मुली रिंगणांत उभ्या राहायच्या, त्या तोफा. उरलेल्या उताराकडून चढून यायच्या, त्या फौज. बाईंच्या तोंडात शिट्टी. शिट्टी वाजली की तोफांनी 'धडाम' ओरडायचं आणि बाई ज्या मुलीकडे छत्री रोखतील तिनं पडायचं. प्रत्येकीला तोफच व्हायचं असे, कारण तोफेला पळावं लागत नसे. एका वर्षी फौजेतल्या पोरींनी आपसात ठरवलं आणि कोणीच पडेना. तशाच ओरडत वर आल्या, तोफांच्या वेण्या धरल्या. बाई शिट्टी वाजवून वाजवून लाल झाल्या. मग दमून एका गोट्यावर बसल्या आणि इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "असं झालं असतं त काय पाह्यजे होतं," त्या म्हणत होत्या, "असं झालं असतं त काय पाह्यजे होतं!"

दुष्काळाच्या सालात मात्र हसण्यावारी न्यावं असं काही उरलं नाही. विहिरी आटल्या, शेतात काम नव्हतं. सरकारनं रस्त्याचं काम काढलं आणि गावातल्या बायाबापड्या खडी फोडायला लागल्या. मुकादमाला सगळ्यात जवळचा दगड माळावर दिसला. त्यानं रिंगणांतल्या गोट्यांवर चुन्याच्या खुणा केल्या. बाईंना कळेपर्यंत दोन रिंगणं फुटून गेली होती. त्या शाळेतून तशाच गेल्या आणि तिसऱ्या रिंगणातल्या मोठ्या गोट्यावर जाऊन बसल्या. मी मागोमाग.

कौसल्या नावाची एक मजूर होती. पस्तिशीची, काटक, बौद्धपुऱ्यात राहणारी. टोळीतल्या बाया तिचं ऐकायच्या. ती घण खाली ठेवून बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, उठा. आमचं काम बुडून राह्यलं."

"कौसल्या, हे गोटे साधे नाहीत. ह्यांना इतिहास आहे."

"असन. आमाले पोट हाय." कौसल्याचा आवाज चढला नव्हता. "तुमाले शाळा पगार देते, म्हून तुमाले इथं तोफा दिसते. आमाले खडी दिसते. माह्या घरी दोन पोरं सकाळपासून पान्यावर हायेत. सांगा, कायचा इतिहास सांगू त्यायले?"

बाकीच्या बाया थांबून बघत होत्या. मला वाटलं, आता बाई छत्री उगारतात. पण बाई उठल्या. पातळाला लागलेला चुना झटकला आणि म्हणाल्या, "बरोबर बोललीस. आजच्या दिवस हे रिंगण सोड. उद्या मी येते. उद्या काही केलं नाही, तर फोड."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. अंगणात फेऱ्या मारत होत्या. "चूक तिची नाई, गणित," मधूनच म्हणायच्या, "तिची अजिबात नाई."

गावाबाहेरच्या नाल्यात दगड भरपूर होते. पण तिथून डोक्यावर वाहून आणायचे तर निम्मा दिवस चालण्यातच जाणार, खडी कमी पडणार, मजुरीही कमी पडणार. म्हणजे गाड्या हव्या होत्या. ज्यांच्याकडे त्या साली बैल उरले होते, अशा प्रत्येक शेतकऱ्याच्या ओट्यावर बाई जाऊन बसल्या. कुणाची पोरगी त्यांच्या हाताखालून गेलेली, कुणाची सून. "तुमच्या लीलाले मी मार न देता नकाशा शिकवला," असलं काहीबाही सांगत त्यांनी तीन गाड्या मिळवल्या. चौथा शेतकरी म्हणाला, बैल नेता तर न्या, गाडीवान नाही. बाई म्हणाल्या, "मी हाकते."

त्यांनी जन्मात कासरा धरला नव्हता. पहिल्याच फेरीला गाडी दगडांसकट नाल्याच्या उतरणीला कलंडली आणि बाई बोराटीत पडल्या. कौसल्यानं त्यांना बाहेर काढलं, हातातले काटे उपसले, आणि कासरा स्वतःच्या हातात घेतला.

"तुमी गोटे भरा," ती म्हणाली. "बैल माह्यावर सोडा."

ती पूर्ण उन्हाळी सुट्टी बाईंनी नाल्यात दगड भरण्यात घालवली. डोक्यावर ओला टॉवेल, त्यावर छत्री, आणि छत्री धरायला मी. फुटून गेलेली दोन रिंगणं रस्त्यात गेली, एसटी अजून त्यांवरून जाते. बाकीची राहिली. मजुरीही राहिली. कौसल्याची पोरगी पुढच्या जूनमध्ये आमच्या शाळेत आली, तिचं नाव बाईंनी स्वतः जाऊन घातलं.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्यात माझं सगळं आयुष्य ठरलं. मला बघायला मुलगा यायचा होता. आईवडील नागपूरहून बाईंच्याच घरी आले, पाहुणेही तिथंच. पोहे झाले, चहा झाला. मुलाकडच्यांनी मला विचारायचं ते विचारलं. मग बाई म्हणाल्या, "आता आमचा एकच प्रश्न."

माझ्या वडिलांनी डोळे मिटले.

"समोर नदी आहे," बाईंनी मुलाला विचारलं. "पलीकडे शत्रूच्या तोफा. तुमच्यामागे फौज. तुम्ही काय कराल?"

मुलगा बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होता. त्यानं बशी खाली ठेवली आणि खरोखर विचार केला. "मी बुवा पूल होईपर्यंत थांबीन," तो म्हणाला.

पाहुणे निघून गेल्यावर बाईंनी माझ्या आईला बाजूला घेतलं. "ह्यालाच करा. शूर नाही, पण माणसं मारणार नाही." लग्न झालं, त्याची बदली आमच्याच तालुक्यात झाली, आणि आम्ही बाईंच्या मागच्याच गल्लीत घर केलं.

ऐंशीच्या आसपास नागपूरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन त्या बाजूला आले. तरुण होते, दाढी राखलेली, बोलणं अगदी मऊ. बाईंनी त्यांना हाताला धरूनच माळावर नेलं असेल. ते बराच वेळ एकेका रिंगणाभोवती फिरले. वाकून गोट्यांखालची माती पाहिली. परत येऊन बाईंच्या ओट्यावर चहा घेताना म्हणाले, "बाई, जागा फार मोलाची आहे. पण ही तोफांची नाही."

"मग?"

"पुरलेल्या माणसांची आहे. फार जुन्या. लोखंड वापरायला माणूस नुकता शिकला होता, त्या काळातल्या."

बाई हसल्या. त्यांना ते खरं वाटलं नाही. पण पुढच्या हिवाळ्यात प्राध्यापक परवानगी घेऊन आले आणि त्यांनी एक रिंगण उघडलं. खोदकामाला गावातलेच मजूर होते, कौसल्याही होती. बाई रोज शाळा सुटली की जाऊन कडेला बसत. वरचा मुरुम निघाला. त्याखालून काळ्या-तांबड्या मडक्यांचे तुकडे निघाले, एक कुऱ्हाड निघाली, घोड्याच्या लगामाची लोखंडी कडी निघाली. मग हाडं. तोफेचं काहीच नाही.

"एखाद्या दुसऱ्या रिंगणात?" बाईंनी विचारलं.

"सगळी एकाच घडणीची आहेत, बाई," प्राध्यापक म्हणाले. त्यांनाच वाईट वाटत होतं. "पेशव्यांच्या कितीतरी आधीची. दोन हजार वर्षांहून जास्त."

कौसल्या घमेलं घेऊन उभी होती. "म्हंजे आमी तेव्हा मढ्यावरचे गोटे फोडत होतो?" तिनं कपाळाला हात लावला. "बरं झालं बाई, तुमी आमाले हाकललं."

"मी वेगळ्याच कारणानं हाकललं होतं, कौसल्या."

"कारन कोन्तं बी असो. वाचले ना?"

बाईंनी मान हलवली, पण त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. खड्ड्यातल्या त्या कडीकडे बघत होत्या.

त्यानंतर त्या नदीकडे जायच्या बंद झाल्या. वर्गात पुस्तक उघडून वाचून दाखवू लागल्या, जे त्यांनी कधीच केलं नव्हतं. माझ्याकडे आल्या तर खुर्चीच्या काठावर बसायच्या आणि चहा निवून जायचा. माझा नवरा त्यांना हसवायला काहीतरी पुलाचं बोलायचा, तर 'हो, हो' म्हणायच्या. मला भीती वाटायला लागली होती. माणूस आजारी पडला तर डॉक्टरकडे नेता येतं. ह्याला काय करायचं?

एक दिवस त्या वर्गात उभ्या राहिल्या आणि मुलींना म्हणाल्या, "मी तुम्हाला जे सांगितलं ते चूक होतं. तिथं दमदमे नव्हते." मुलींनी पुस्तकातली खूण पुसावी तसं ऐकून घेतलं. पण घरी येताना बाई वाटेत थांबल्या.

"ह्यांना सांगून भागलं. पण ज्या सासरी गेल्या त्यांचं काय?"

"कोण?"

"ज्यांना ज्यांना मी शिकवलं त्या सगळ्या. त्या आपल्या लेकरांना तेच सांगत असतील."

"बाई, कोण लक्षात ठेवतं!"

"तेच पाहून येऊ," त्या म्हणाल्या.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही निघालो. मी सोबत गेले, कारण त्यांना एकटं सोडायचा मला धीर नव्हता. सिंदीला शोभा होती, कापसाच्या अडत्याकडे दिलेली, अंगानं भरलेली. तिनं बाईंना पाटावर बसवलं, पुरणपोळी केली. बाईंनी हात न लावता आधी आपलं म्हणणं सांगितलं. शोभा पदरानं त्यांना वारा घालत होती.

"बाई, मले त त्यातलं काईच आठवत नाई हो. तुमी डब्यातला तिळाचा लाडू द्यायच्या, तेवढं आठवते. तुमी खा ना."

बाई निमूट जेवल्या. चूक सांगायला यावं आणि ती कुणाला आठवूच नये, हे त्यांना फार लागलं.

हिंगणघाटला सुशीलाच्या दारात आम्ही पोचलो, तर अंगणात पोरं विटांवर उभी राहून 'धडाम' ओरडत होती. सुशीलानं त्यांना सगळं शिकवलं होतं, शिट्टीसुद्धा आणून दिली होती. बाईंचं ऐकून ती काकुळतीला आली. "बाई, पोरायले नका सांगू. त्यायले लय आवडते."

बाईंनी तरी सांगितलंच. पोरांना जवळ बोलावून, एकेक शब्द नीट उच्चारून सांगितलं की तिथं तोफा नव्हत्या, तिथं माणसं पुरलेली आहेत.

"मढे?" मोठ्या पोरानं विचारलं. "खरंच मढे? अन् घोडा बी?"

पोरं इतकी खूश झाली की त्यांनी तिथल्या तिथं धाकट्याला विटांमध्ये निजवलं. सुशीला तोंडाला पदर लावून हसत होती. बाईंच्याही तोंडाचा कोपरा जरा हलला. मला वाटलं, सुटलो. पण एसटीत बसल्यावर त्यांनी पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं.

अशी गावं होत गेली. शेवटी आष्टी. तिथं विमल होती. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन टाकून ती दोन मुलं वाढवत होती. शाळेत ती अबोल असे. आम्हाला पाहून तिनं पाणी दिलं, चहा ठेवला, आणि 'बाई, एवढा ब्लाऊज द्याचा हाय, मी ऐकते, तुमी बोला' म्हणत मशीनवर बसली.

बाईंनी सांगितलं. इतक्यांदा सांगून ते आता पाठ झालं होतं. रिंगणं, मुरुम, मडकी, कडी, हाडं. "तर मी तुला चूक शिकवलं, विमल. तेवढं सांगायला आले."

विमलनं शिवण संपवली. दोरा दातानं तोडला. मग हात चाकावर तसाच ठेवून म्हणाली, "रिंगणं मढ्याची. बरं. पन बाई, फौज त आली होती ना?"

"आली होती."

"अन् इंग्रजानं नदीवर अडवाले तोफा बी आनल्या होत्या?"

"हो. त्यात शंका नाही."

"मंग त्या ठेवल्या कुठी?"

बाईंच्या हातात चहाचा कप होता. तो तसाच राहिला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आतल्या खोलीत विमलची मुलगी पाढे म्हणत होती.

"मले सांगा," विमल पुढं बोलली, "आपल्या गावापाशीच काऊन? तुमी आमाले नेहमी म्हना, फौज सोपा उतार पाह्यते. आपल्या इथचा उतार सोपा होता, हे आपलं म्हननं. इथं आष्टीपासून पार खालपर्यंत नदी हाय. दुसरे उतार नसतीन काय?"

बाईंनी कप खाली ठेवला. "इथून नदी किती लांब?"

"दूर नाई. टेम्पो जाते."

"दुकान?"

"ठेवते बंद," विमल म्हणाली आणि मशीनवर कापड टाकलं.

दुपार कलली तेव्हा आम्ही तिघी वर्धेच्या पात्रात उभ्या होतो. उन्हाळ्यानं नदी आक्रसून मधल्या पट्ट्यात आली होती. दोन्हीकडे वाळू, आणि पलीकडच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या. एक माणूस वेलांना बादलीनं पाणी घालत होता. बाई चपला हातात घेऊन वर चालत गेल्या, परत खाली आल्या. एकदा मागचा काठ बघायच्या, एकदा पुढचा. मग तोंडाभोवती हात धरून ओरडल्या, "अहो भाऊ! तिकडचा काठ उतरायला कसा आहे?"

माणसानं बादली खाली ठेवली. "काऊन? इकडे याचं हाय काय?"

"बैल उतरतील का?"

"कायचे बैल? बैल कुठी हायेत?"

"तोफ ओढून!"

त्यानं आधी विमलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी हात लांब करून नदीच्या खालच्या अंगाला दाखवलं. "इथून नाई उतरत! त्या वळनावर उतरतीन! तिथं काठ बसका हाय!"

"ऐकलंत?" बाई आमच्याकडे वळल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा असा लाल झालेला मी पाहत होते. "विमल, वळण! वळणावर समोरून मारा करायचा त तोफ कुठी पाह्यजे? सांग!"

"ह्या बाजूनं उंचावर," विमल म्हणाली. तिनंही चपला काढल्या होत्या.

बाईंनी पातळ गुडघ्यापर्यंत वर घेऊन कमरेला खोचलं.

"बाई, थांबा," मी म्हटलं. "तिथं पाणी किती आहे, आपल्याला माहीत नाही."

"तेच त पाह्याचं हाय," त्या म्हणाल्या आणि पाण्यात उतरल्या.